वॉचमनची खोली रिकामी करून घेताना: नव्या सोसायटी समितीसाठी

सोसायटीची निवडणूक होते, नवी समिती बसते, जुन्या सचिवाकडून दोन कपाटं भरून फायली येतात आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या सभेत कोणीतरी विषय काढतंच: "त्या पंपाशेजारच्या खोलीचं काय करायचं?" खोलीत माणूस राहतो. किंवा माणूस गावी असतो आणि बायको-मुलं इथे राहतात. तो आता सोसायटीचा वॉचमन नाही. दोन वर्षांपूर्वी एजन्सी आली, गेटवर गणवेशवाले उभे राहिले, काकांच्या हातात निरोपाचा नारळ दिला गेला. काकांनी नारळ घेतला, खोली मात्र सोडली नाही.

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका जुन्या सोसायटीत मी सात वर्षं सचिव होतो. अशा दोन खोल्या रिकाम्या करून घ्यायची वेळ माझ्यावर आली. पहिलीला चार वर्षं लागली, त्यातली निदान तीन आमच्याच चुकांची. दुसरी सहा-सात महिन्यांत झाली आणि कोर्टाची पायरीही चढावी लागली नाही. दोन्ही ठिकाणी कायदा तोच होता. फरक पडला तो कुठलं काम आधी केलं आणि कुठलं नंतर, एवढ्यावर. वकील लागेलच, पण वकिलाकडे माणूस जातो तोवर निम्म्या चुका करून झालेल्या असतात. त्या टाळता याव्यात म्हणून हे लिहितो आहे.

तो तुमचा कोण, हे आधी ठरवा

खोलीत राहणारा माणूस तीनपैकी एक असतो. नोकरीचा भाग म्हणून, गेटजवळ हजर राहता यावं म्हणून राहणारा नोकर, तुमच्या परवानगीने राहणारा परवानाधारक, किंवा भाडेकरू. पहिल्या दोघांचा खोलीत हक्क निर्माण होत नाही. तिसऱ्याला मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं कवच मिळतं आणि मग गोष्ट लांबते. त्या कायद्याच्या कलम १६मध्ये, नोकरीमुळे भाड्याने दिलेली जागा नोकरी संपल्यावर परत मागता येते असं कारण दिलेलं आहे. पण तो रस्ता भाडेकरूच्या दाव्याचा, म्हणजे सावकाशीचा. वॉचमन भाडेकरू ठरूच नये, यात तुमचं हित.

आणि तो भाडेकरू कसा ठरतो? बहुतेक वेळा तुमच्याच खजिनदाराच्या अक्षरामुळे. आमच्याकडे दर महिन्याच्या पगाराच्या व्हाउचरवर एक ओळ असायची: "पगार ९,०००, खोलीभाडे वजा ३००, शिल्लक ८,७००." खजिनदार शिस्तीचे, सगळी व्हाउचरं क्रमांक घालून दोरीत ओवलेली. वकिलांनी ती दोरी सोडवली, चार-पाच व्हाउचरं पाहिली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे ३०० रुपये कोणाच्या डोक्यातून आले?" वीज-पाण्याचा खर्च म्हणून ती वजावट सुरू झाली होती, लिहिताना सोपं म्हणून 'भाडे' झालं. पुढे उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी त्याच ओळीवर पाऊण तास काढला.

म्हणून पहिलं काम: फाइल उघडा. नेमणुकीचं पत्र, ठराव, पगाराच्या पावत्या, पोलिस पडताळणीचा फॉर्म, त्याने लिहून दिलेले अर्ज. वर्षानुवर्षांच्या रजेच्या अर्जांत "मी सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत राहतो" असं त्याच्याच हातचं वाक्य सापडलं, तर ते वेगळं काढून ठेवा, त्याची किंमत नंतर कळेल. समितीने त्याला वेळोवेळी दिलेले दाखलेही पाहा. आधार कार्डासाठी, गॅससाठी, मुलाच्या शाळेसाठी कोणी "हे आमच्या सोसायटीत भाड्याने राहतात" असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं नाही ना? असेल तर वकिलापासून लपवू नका. तो कागद समोरच्याकडे आहेच.

इथे एक भीती मोडून काढतो, कारण प्रत्येक वार्षिक सभेत ती कोणी ना कोणी बोलून दाखवतं: "बारा वर्षं झाली की खोली त्याची होते." होत नाही. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा हा मालकाचाच ताबा समजतात. २०१२ साली गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वॉचमन, राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही, आणि मालकाने मागितल्यावर त्याने जागा सोडली पाहिजे. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या एका धर्मशाळेच्या वॉचमनच्या प्रकरणातही न्यायालय हेच म्हणालं. मात्र याचा अर्थ निवांत बसा असा नाही. परवानगी काढून घेतल्यानंतर तो "आता मी माझ्या हक्काने राहतो" असं उघड म्हणू लागला, तर पुढची वर्षं कोणाच्या खात्यात जातात यावर वाद घालता येतो. नोटीस देऊन दहा वर्षं झोपलेल्या समित्या मी पाहिल्या आहेत.

नोकरी नीट संपवा, पैसे चुकते करा

ही पायरी सगळे उडवतात. नोकरी संपल्याचा कागदच नसतो. एजन्सी आली, काका यायचे थांबले, बस्स. मग कोर्टात काका म्हणतात, मी अजून नोकरच आहे, मला कामावर येऊ देत नाहीत. आता तुम्हाला खोलीआधी नोकरीचा वाद लढायचा. तेव्हा राजीनामा असेल तर तो लेखी घ्या. तुम्ही काढत असाल तर कारण, तारीख आणि नोटिशीचा पगार लिहिलेलं पत्र द्या. निवृत्ती असेल तर तसा ठराव करा. (सोसायटी हा 'उद्योग' नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका निवासी संस्थेच्या प्रकरणात म्हटलेलं आहे. पण ते तुमच्या बाजूने वापरायचं की नाही, हे वकिलावर सोडा. तेवढ्यावर विसंबून पत्र द्यायचं टाळू नका.)

मग हिशेब. शेवटचा पगार, रजेचे पैसे, दिवाळीचं राहिलेलं, उसने दिले असतील ते वजा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असणाऱ्या आस्थापनेत पाच वर्षं झालेल्याला ग्रॅच्युइटी लागते. बऱ्याच सोसायट्या त्या आकड्यात बसत नाहीत. तरी दुसऱ्या वेळी आम्ही तोच हिशेब मांडला: शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. ९,००० पगार आणि १४ वर्षं म्हणजे ७२,६९२ रुपये. सभेत दोघांनी कुरकुर केली, "कायद्याने लागू नाही तर कशाला?" मी त्यांना आधीच्या खोलीच्या वकिलाच्या बिलांची बेरीज वाचून दाखवली. कुरकुर थांबली.

यात एक गोष्ट पक्की धरा. हक्काचे पैसे आणि समजुतीचे पैसे वेगळे ठेवा. हक्काचे पैसे खोलीसाठी अडवू नका. "किल्ली दे, पगार घे" म्हटलंत की तुम्ही लेखी-तोंडी दोन्ही बाजूंनी अडकता. तो म्हणतो, माझे पैसे बाकी आहेत म्हणून मी राहतो, आणि ऐकणाऱ्याला ते पटतं. मोठ्या कंपन्या आणि सार्वजनिक उपक्रम क्वार्टर न सोडणाऱ्याचं दंडात्मक भाडं ग्रॅच्युइटीतून वळतं करतात, आणि २००५ साली ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केलं. पण त्यांच्याकडे तसे लेखी नियम असतात. तुमच्याकडे दोरीत ओवलेली व्हाउचरं आहेत. हक्काचे पैसे चेकने किंवा खात्यात द्या, पावती घ्या. समजुतीचे पैसे, म्हणजे गावी सामान नेण्याचा टेम्पो, नव्या खोलीची अनामत असं जे काही द्यायचं ठरेल, ते मात्र किल्ली हातात पडताना. एक दिवसही आधी नाही.

बसून बोला, पण तारखेवर बोला

बोलायला सगळी समिती जाऊ नये. पाच माणसं दारात उभी राहिली की बाई घाबरतात आणि पुरुष आवाज चढवतो. अध्यक्ष आणि एखादी जुनी रहिवासी, जिच्या मुलांना काकांनी शाळेच्या बसपर्यंत पोचवलंय, एवढे दोघे पुरे.

मुदत किती द्यायची? भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२च्या कलम ६३नुसार परवाना संपल्यावर जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. वाजवी म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. एक अंदाज म्हणून, केंद्र सरकारच्या निवासस्थानात निवृत्तीनंतर सहा महिने राहता येतं, राजीनामा दिल्यास एक महिना. मी मधला रस्ता सुचवीन: दोन ते तीन महिने, आणि घरात शाळेतलं मूल असेल तर परीक्षा संपेपर्यंत. ही दयामाया आहेच, शिवाय व्यवहारही आहे. डिसेंबरात घर सोडायला लावलेलं कुटुंब कोर्टात जातं. मे महिन्यात सोडायला सांगितलेलं कुटुंब गावी जातं.

आमची दुसरी खोली अशीच. वॉचमन नोकरीत असतानाच वारले होते. खोलीत काकू, दहावीतली मुलगी आणि धाकटा. समितीत एकजण म्हणाले, "आता लगेच सांगा, नाहीतर कायमच्या चिकटतील." आम्ही दिवाळीनंतर गेलो, हिशेबाचा चेक आधी दिला, आणि विचारलं, परीक्षा झाल्यावर काय विचार आहे? काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "३१ मे लिहा. पण मुलीचा दाखला इथल्या पत्त्यावर आहे, तेवढं अकरावीचं बघाल का?" आम्ही लिहिलं आणि बघितलंही. २८ मेला त्यांनी किल्ली आणून दिली, आणि जाताना मीटरचं रीडिंग स्वतः वहीत टिपून घेतलं.

बोलणं झालं की त्याच दिवशी एक पानाचा कागद करा. मराठीत, साध्या वाक्यांत, वाचून दाखवून:

"मी सोसायटीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वॉचमन म्हणून नोकरीस होतो. नोकरीमुळे मला पंपाशेजारील खोली राहण्यास दिली होती. त्याबद्दल मी भाडे देत नव्हतो. माझी नोकरी संपली असून माझा सर्व हिशेब मला मिळाला आहे. मी सदर खोली अमुक तारखेपर्यंत रिकामी करून किल्ली सचिवांकडे देईन."

खाली सही, दोन साक्षीदार, आणि त्यातला एक त्याच्या बाजूचा असला तर उत्तम. त्याला एक प्रत द्यायची. कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवण्याची हुशारी करू नका. आणि भाडं घेतलेलं असेल तर "देत नव्हतो" हे वाक्य लिहून घेऊ नका. खोट्या वाक्याने खरी चार वाक्यंही बाद होतात.

ठराव आणि नोटीस

तारीख उलटली आणि किल्ली आली नाही, तर समितीच्या सभेत ठराव करा: परवानगी रद्द करणं, नोटीस देणं, दावा लावणं, आणि सोसायटीतर्फे सही-साक्ष कोण करणार त्याचं नाव. हा ठराव नसल्यामुळे 'दावा लावणाऱ्याला अधिकारच नव्हता' हा मुद्दा वर्षभर चघळला जातो. इतिवृत्त त्याच महिन्यात लिहा. मागून लिहिलेलं इतिवृत्त शाईवरून ओळखू येतं.

नोटीस वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने पोहोच-पावतीसह, शिवाय एक प्रत खोलीच्या दारावर चिकटवून त्याचा फोटो. त्यात पाच गोष्टी हव्यात: खोली नोकरीमुळे दिली होती, नोकरी अमुक दिवशी संपली, परवानगी रद्द करत आहोत, अमुक दिवसांत ताबा द्या, त्यानंतर दरमहा इतकी नुकसानभरपाई लागेल. मोठाले शब्द, धमक्या, 'फौजदारी करू' वगैरे गाळा. नोटिशीनंतर त्याच्याकडून एक रुपयाही 'खोलीचा' म्हणून घेऊ नका. घ्यावाच लागला तर पावतीवर 'नुकसानभरपाई, हक्क राखून' असं लिहा.

त्याच वेळी कॅव्हेट दाखल करा. बहुतेक वेळा राहणारा माणूसच आधी कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागतो. कॅव्हेट असेल तर तुम्हाला ऐकून घेतल्याशिवाय हुकूम होत नाही. ते ९० दिवस चालतं, मग नवं करावं लागतं.

नोटिशीला उत्तर आलं तर आनंदाने वाचा. "मला ही खोली वॉचमनच्या नोकरीसाठी दिली होती, पण…" असं त्यात असेल, तर 'पण'च्या आधीचं सगळं तुमचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १२ नियम ६प्रमाणे, समोरच्याने मान्य केलेल्या गोष्टींवर न्यायालय पुरावा न घेताही निकाल देऊ शकतं.

कुलपाला हात लावायचा नाही

आता आमच्या पहिल्या खोलीची खरी कथा. माणूस यात्रेला गावी गेला. समितीतल्या तिघांनी ठरवलं, हीच वेळ. त्याचं कुलूप तोडलं, सामानाची यादी केली, सामान टेरेसवरच्या टाकीखाली रचलं, नवं कुलूप घातलं. मी त्या दिवशी शहराबाहेर होतो, हे मी अजूनही सगळ्यांना सांगतो. पण फोनवर "बघा काय ते" म्हणणारा मीच होतो.

दहा दिवसांनी तो परतला. आधी पोलिस चौकीत गेला, तिथे "दिवाणी मामला आहे" हे नेहमीचं वाक्य ऐकलं, मग वकील गाठला. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३, कलम ६. कायद्याच्या मार्गाखेरीज कोणाला त्याच्या मर्जीविरुद्ध ताब्यातून काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच येत नाही. मालकीची कागदपत्रं घेऊन गेलेल्या आमच्या अध्यक्षांना हे समजायला तीन तारखा लागल्या. दीड वर्षाने खोली त्याला परत द्यावी लागली, आणि यादीत नसलेल्या एका पितळी घागरीचे पैसेही.

पाणी तोडणं, वीज तोडणं, संडासला कुलूप, दारासमोर रेतीचा ढीग हे सगळे त्याचेच भाऊ. भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९खाली गुन्हा आहे. वॉचमन भाडेकरू नसला तरी हे केल्यावर कोर्टात तुम्हीच गुंड दिसता. वाट अडवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ आणि धमकावलं तर ३५१ आहे. आणि बाईमाणूस एकटी आहे, काय करणार, असं धरून चालू नका. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मिळावाच.

कुठल्या कोर्टात?

नोकरीपुरती जागा असा लेखी करार असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २२ नेमकं मालक-नोकरासाठी आहे. दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर कलम २४ खाली तिथेच, मुदत संपल्यावर. या मार्गात समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन 'मला लढू द्या' अशी परवानगी मागावी लागते. ती मिळाली नाही तर अर्ज मंजूर. दुप्पट दराने भरपाईची तरतूदही आहे.

करारच नसेल, आणि बहुतेकांकडे नसतोच, तर मुंबईत लघुवाद न्यायालय (स्मॉल कॉजेस कोर्ट). धोबीतलावला जावं लागतं. परवाना देणारा आणि घेणारा यांच्यातले ताब्याचे दावे तिथेच, आणि काही मोबदला न घेता ठेवलेला माणूसही त्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मुंबईच्याच एका प्रकरणात नक्की केलं. मुंबईबाहेर जिथे लघुवाद न्यायालय आहे, जसं पुण्यात, तिथे ते. नाहीतर दिवाणी न्यायाधीश. सोसायटीचा नोकर म्हणून सहकार न्यायालयात जावं का, यावर दोन वकील तीन मतं देतील. ते भांडण दाव्याआधी मिटवा. चुकीच्या कोर्टात घालवलेली तीन वर्षं परत मिळत नाहीत.

दाव्यात ताब्याबरोबर भरपाईही मागा, आणि दावा चालू असताना दरमहा काही रक्कम कोर्टात जमा करण्याचा हुकूम मागा. फुकट राहता येतं तोवर तडजोडीची घाई कोणालाच नसते.

हे वाचणारा कंपनीचा माणूस असेल तर त्याचा रस्ता निराळा. कंपनी कायदा, २०१३च्या कलम ४५२खाली कंपनीची मालमत्ता अडवून ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यावर फौजदारी तक्रार होते. दंड १ लाखापासून ५ लाखांपर्यंत, आणि न्यायालयाने दिलेल्या मुदतीत जागा सोडली नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद. जुन्या कायद्यातल्या याच अर्थाच्या कलम ६३०खाली माजी कर्मचारी येतो हे १९८७ साली, आणि त्याचे घरचेही येतात हे पुढे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. सोसायटी ही कंपनी नव्हे, त्यामुळे हे कलम आपल्याला नाही. नोटिशीत ते घालून समोरच्या वकिलाला हसवू नका. केंद्र सरकार, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका यांच्यासाठी १९७१चा सार्वजनिक जागांचा कायदा आणि मालमत्ता अधिकारी. त्याच्या हुकमावर अपिलाला फक्त १२ दिवस असतात, हे क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. राज्य सरकारच्या जागांना १९५५चा वेगळा कायदा.

फार्महाउसवरचा राखणदार, आणि गोवा

कर्जत, मुळशी, अलिबागकडे जागा घेतलेल्यांचा प्रश्न याच जातीचा, पण त्यात शेतजमीन येते. तिथे भीती भाडेकरूची नाही, कुळाची. पगारावर जमीन कसणारा नोकर कूळ होत नाही, हे १९४८च्या कूळकायद्यातच आहे. पण पगार दिल्याचा पुरावा लागतो. रोख पगार, पावती नाही, आणि भात त्यानेच लावायचं आणि त्यानेच न्यायचं, असा व्यवहार असेल तर नोकर आणि कूळ यातली रेघ पुसट होते. पगार खात्यात टाका, पीक पाहणी स्वतःच्या नावाने नोंदवा, आणि सातबारा वर्षातून एकदा तरी उघडून बघा.

गोव्यात मुंडकार कायदा, १९७५ आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने कायमचं घर करून राहणाऱ्याला तो संरक्षण देतो आणि असे वाद मामलेदाराकडे जातात. त्याच कायद्याने पगारी घरगडी किंवा मालकाच्या आवारात, आउटहाउसमध्ये राहणारा चौकीदार मुंडकाराच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. कारखान्याच्या, खाणीच्या जागेत नोकरीमुळे राहणारा कामगारही बाहेर. इथेही सगळं पगाराच्या पुराव्यावर येऊन थांबतं.

किल्ली घेतानाचा दिवस

हुकूमनामा झाला म्हणजे खोली मिळाली असं नाही. त्यानंतर दरखास्त, म्हणजे हुकूमनामा बजावण्याचा अर्ज, मग बेलिफ, पंच, पंचनामा. पोलिस बंदोबस्त लागला तर त्याचा वेगळा अर्ज आणि वेगळा खर्च. म्हणून दावा चालू असतानाही तडजोडीचं दार उघडं ठेवा. लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. आमची पहिली खोली शेवटी तिथेच मिटली, ३५,००० रुपये आणि ४५ दिवसांच्या मुदतीवर. हीच रक्कम त्याने पहिल्या महिन्यात मागितली होती.

ताबा घेताना खोली उघडून आतून बघा, मगच पैसे द्या. माळ्यावर सामान राहिलंय का, दुसरी किल्ली कोणाकडे आहे, गॅस सिलिंडर कोणाच्या नावावर, मीटरचा आकडा किती. ताबा पावतीवर ही तपशीलवार नोंद, दोघांच्या सह्या, वेळ. फोटो. त्याच संध्याकाळी कुलूप बदला आणि खोलीत सोसायटीचं काहीतरी ठेवा, जुना पाण्याचा पंप, झाडांच्या कुंड्या. रिकामी खोली रिकामी राहत नाही. एजन्सीचा कोणीतरी रात्री पाठ टेकायला येतो, मग त्याचा भाऊ येतो.

आणि पुन्हा कोणाला द्यायचीच असेल, तर आधी वकिलाकडून करार करून घ्या आणि तो नोंदवा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि नोंदणी नसेल तर राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. गार्ड एजन्सीचा असेल तर खोली त्याच्या नावावर देऊ नका. एजन्सीबरोबरच्या करारात वापराचं कलम घाला, आणि माणूस बदलला की खोली त्याच दिवशी एजन्सीने सोडवायची, असं स्पष्ट लिहा. व्हाउचरवर वीज-पाण्याचे पैसे 'वीज-पाणी' म्हणूनच लिहा. शाळेचा दाखला मागायला आलेल्याला परत पाठवू नका. "हे सोसायटीत नोकरीस असून नोकरीच्या काळापुरते सोसायटीने दिलेल्या खोलीत राहतात" असं लिहून सही करा. शाळेला तेवढं चालतं.